विकणे आहे

गेले दोन महिने आमच्या घरात एका पाटीवरून वाद चालू आहे. वज्रेश्वरीजवळचं आमचं एक एकर शेत विकायचं, हे आता ठरल्यासारखं आहे. त्याबद्दल ज्याला जे बोलायचं होतं ते गणपतीत बोलून झालं, रडून झालं. उरला प्रश्न शेतावर लावायच्या पाटीचा. धाकटे काका म्हणतात, रस्त्याच्या कडेला आठ बाय दहाचा फ्लेक्स लावू, इंग्रजीत, वर 'गोल्डन अपॉर्च्युनिटी'. आत्या म्हणते पाटीच नको, गावातले लोक काय म्हणतील. आणि मी गेली अठरा वर्षं ठाण्यात छपाईचा धंदा करतो, दिवसाला चार-पाच असले फ्लेक्स माझ्याच मशीनमधून निघतात, म्हणून सगळ्यांनी मिळून "तूच काय ते बनव" असं म्हणून माझ्यावर सोडून दिलंय. सोडून दिलंय म्हणजे काय, रोज सकाळी व्हॉट्सॅपवर दोन नव्या सूचना येतात. तेव्हा माझं मत एकदा सविस्तर इथे लिहून टाकतो. घरच्यांनी वाचावं, आणि नेहमीच्या मंडळींनीही, कारण गावाकडे एखादा तुकडा असणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते.

आधी सध्या तिकडे काय लागलेलं असतं ते बघू. शिरसाड फाट्यावरून आत वळा किंवा भिवंडी-वाडा रस्त्यानं येऊन अंबाडी नाक्यावरून वळा, चित्र एकच. मे महिन्यात मी पाट्या मोजायला घेतल्या होत्या, तिसाच्या पुढे सोडून दिलं. 'रोड टच', 'रिव्हर टच', 'सेकंड होम', 'कलेक्टर एन.ए. प्लॉट', 'क्लिअर टायटल', 'मुंबईपासून फक्त ९० मिनिटे' (रात्री दोनला निघालात तर असेलही). कुठे नारळाची झाडं आणि पोहण्याचा तलाव, कुठे गोऱ्या जोडप्याच्या खांद्यावर बसलेलं गोरं मूल. बऱ्याच पाट्यांवर देवीच्या देवळापासूनचं अंतर, काहींवर तर देवीचा फोटोच. वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी केला आणि १७३९ च्या विजयानंतर हे देऊळ उभं राहिलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्या देवीला आता दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटची जामीनदार करून ठेवलंय. धंद्यातली गोष्ट सांगतो, देवाचा फोटो छापलेला फ्लेक्स फाटला की तो कोणी फेकत नाही आणि ठेवतही नाही, तो तसाच कुंपणाला लोंबत राहतो. एवढ्या एका कारणासाठी तरी फोटो नको.

या सगळ्या पाट्यांवर मला एक शब्द कुठेच दिसला नाही. तो म्हणजे 'शेत'. जागा आहे, प्लॉट आहे, लँड आहे, प्रॉपर्टी आहे, झालंच तर 'ॲग्रो फार्म' आहे, पण पाटीच्या मागे जे भाताचं शेत दिसतंय त्याला कोणी शेत म्हणत नाही. का म्हणत नाही, त्याकडे पुढे येतो, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

'विकणे आहे' हा प्रयोग मला स्वतःला फार आवडतो. बोलताना आपण कोणी असं म्हणत नाही. "मला गाडी विकायची आहे" म्हणतो. 'विकणे आहे' हे फक्त पाटीवर, आणि वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत. त्यात विकणारा कोण ते नाही, घाई नाही, आर्जव नाही. तीन अक्षरं आणि दोन अक्षरं, रंगाऱ्याला सोपी, वाचणाऱ्याला सोपी. गोल्डन अपॉर्च्युनिटीपेक्षा कधीही चांगली.

आता थोडा माझ्या धंद्यातला हिशेब. काका, हा भाग तुमच्यासाठी.

त्या रस्त्यावर मोटार किंवा मोटरसायकल ताशी पन्नास किलोमीटरनं जाते असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. पाटीकडे लक्ष जाणं, वाचणं आणि आकडा निदान अर्धवट डोक्यात राहणं, याला चार सेकंद तरी हवेत. म्हणजे पाटी ५५-५६ मीटरवरून, सुमारे १८० फुटांवरून वाचता आली पाहिजे. पाट्यांच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून निवांत वाचता येतं आणि फार ताणलं तर तीस फुटांवरून. ताणून धरलं तरी १८० फुटांना सहा इंचांचं अक्षर लागतं. आणि हा ठोकताळा रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे, ज्यांना ना वर मात्रा ना खाली उकार. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार लागतात आणि खाली उकार. ओळीची जेवढी उंची त्यातली जेमतेम सहा दशांश अक्षराच्या अंगाला मिळते. म्हणजे सहा इंचांचं अक्षर हवं असेल तर ओळीला दहा इंच द्यावे लागतात. बरेच लोक इंग्रजी डिझाइन घेतात, त्यात तेवढ्याच जागेत मराठी मजकूर कोंबतात, आणि मग म्हणतात मराठी लांबून वाचता येत नाही, इंग्रजीच बरं. दोष लिपीचा नसतो, ओळीला जागा दिलेली नसते.

तर चार फूट रुंद आणि तीन फूट उंच पत्रा घेतला की दहा इंचांच्या तीनच ओळी बसतात, कडेची मोकळी जागा धरून. तीन म्हणजे तीन. चौथी ओळ घातली की चारही गेल्या. काकांनी दिलेल्या मजकुरात अकरा ओळी आहेत, त्यात 'निसर्गाच्या सान्निध्यात' ही एक. ज्याला निसर्ग दिसत नाहीये त्याला पाटी काय दिसणार?

आता पाटी मोठी करू म्हणाल तर त्यालाही माझा विरोध आहे. एक तर आठ बाय दहाचा फ्लेक्स म्हणजे ऐंशी चौरस फुटांचं शीड. मेअखेरीचा वळवाचा वारा त्याला चौकटीसकट उचलतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला जाहिरातीचा तो अवाढव्य फलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसं गेली, ती अशाच वळवाच्या वाऱ्यात. तो फलक शंभर फुटांच्या वर होता आणि आपला दहा फुटांचा, हे मान्य. पण आपल्या दोन बांबूंना अभियंताही लागलेला नसतो आणि खालून शाळेतली मुलं जातात.

दुसरं म्हणजे, फ्लेक्स छापणारा असून सांगतो, शेतावर फ्लेक्स लावू नये. एका उन्हाळ्यात त्यातला लाल आणि पिवळा उडतो, उरतं ते सगळं निळसर, भुतासारखं. पावसाळ्यात भिवंडी-वाड्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात चौकटीची सुतळी कुजते. आणि दिवाळीपर्यंत तो फ्लेक्स कुठल्या तरी गोठ्याच्या छपरावर गेलेला असतो. आमच्याच वाटेवर एका गोठ्यावर 'युअर ड्रीम व्हिला' आहे, खाली दोन म्हशी. मला तर तो त्या फ्लेक्सचा सगळ्यांत चांगला उपयोग वाटतो, पण त्यासाठी आपण पैसे का घालावेत? त्यापेक्षा साधा लोखंडी पत्रा, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर पिवळा ऑइलपेंट आणि त्यावर काळी अक्षरं. भिवंडीत अजून हातानं अक्षरं काढणारे पेंटर आहेत. पिवळ्यावर काळं हे लांबून सगळ्यांत ठसठशीत दिसतं. हिरव्यावर लाल मात्र कोणी करू नका, मागे शेत हिरवंगार असताना पाटी अख्खी त्यात विरघळते.

एक चूक तर मी जवळजवळ प्रत्येक पाटीत बघतो. ती पाटी कुंपणाला समांतर ठोकलेली असते, म्हणजे रस्त्यालाही समांतर. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती बाजूनं, एका रेषेसारखी दिसते. समोर येते तेव्हा तो पुढे गेलेला असतो. पाटी रस्त्याला काटकोनात हवी, दोन्ही बाजूंनी रंगवलेली. आणि खांब जमिनीवर सहा फूट तरी, नाहीतर श्रावणात गवत तिच्या गळ्यापर्यंत येतं. झाडाला ठोकायची तर बिलकूल नाही. खिळ्यांनी भरलेली वडाची झाडं त्या रस्त्याला आधीच खूप आहेत.

फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहावा असं माझं मत आहे, बाकी सगळं मराठीत. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण रंगवलेला एक आणि नऊ लांबून सारखे दिसतात, आणि दहा आकड्यांत एक चुकला की फोन कुणा तिसऱ्याच्या घरी जातो. पाच-पाच आकडे सुटे करून लिहावेत. एकच नंबर लिहावा, चार भावंडांचे चार नाही. (ज्यांना वाटतं की आपलाही नंबर असावा त्यांनी मला खासगीत सांगावं, मी समजूत काढीन.)

इथपर्यंत सगळं तंत्र झालं. हे कोणीही चांगला पेंटर सांगेल. आता 'शेत' हा शब्द का गायब आहे त्याकडे येतो.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असल्याशिवाय. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३. म्हणजे काका ज्या मोटारीतल्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजी फ्लेक्स लावणार आहेत, त्यातल्या बहुतेकांना आपलं शेत घेण्याचा अधिकारच नाही. ज्याच्या नावावर राज्यात कुठेतरी शेती आहे, मग तो दादरला राहत असला तरी, त्याला घेता येतं. बाकीचे फोन करतील, रविवारी बघायला येतील, आपण चहा देऊ, बांधावर फोटो काढतील आणि मग विचारतील, "एन.ए. करून मिळेल ना?" पाटीवर 'शेत' लिहिलं की हा प्रश्न घरबसल्या सुटतो. म्हणूनच तो शब्द कोणी लिहीत नाही. फोन कमी येतील अशी भीती वाटते. मला विचाराल तर फोन कमी येणं हेच चांगल्या पाटीचं लक्षण आहे. शंभर फोन आले आणि त्यातल्या पंचाण्णवांना कायद्यानं घेताच येत नाही, तर त्या पाटीनं आपलं काम केलं नाही, आपल्याला कामाला लावलं.

आणि ज्यांना हे ठाऊक असूनही पाटी लावतात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच हवं. दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांचे 'फार्महाऊस प्लॉट' विकायचे आणि सातबाऱ्यावर वीस माणसांची नावं सामाईक चढवायची, हा उद्योग ठाणे, पालघर, रायगडात वर्षानुवर्षं चाललाय. जमिनीचे तुकडे पाडायला बंदी करणारा कायदा १९४७ चा आहे. शेतीशिवाय इतर वापरासाठी नेमलेल्या भागांपुरता तो २०२५ मध्ये बराच सैल झाला, पण म्हणून भाताच्या खाचरातले तीन गुंठे घरासाठी मोकळे झाले असं नव्हे. आदिवासींच्या जमिनी बिगर आदिवासींनी परवानगीशिवाय घेता येत नाहीत, जमीन महसूल संहितेतली कलमं ३६ आणि ३६-अ. त्या पट्ट्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी वस्त्या किती आहेत हे आपल्याला माहीत आहे. पाटीवर मात्र 'क्लिअर टायटल'. आणि 'रिव्हर टच' म्हणजे जुलैत तानसा जिथवर येते तिथवर, ही भर माझी. (अवांतर: तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आता मुंबई स्वतः चालत नदीकडे आली तर कोणाला नवल वाटायचं कारण नाही.)

मोठे प्लॉट पाडून विकणाऱ्यांना पाटीवर काय लिहावं याचे नियम आहेत बरं का. ५०० चौरस मीटरच्या वरची प्लॉटिंगची योजना महारेराकडे नोंदवावी लागते, १ मे २०१७ पासून. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. ताशी पन्नासनं जाताना क्यूआर कोड कोण स्कॅन करणार हा भाग सोडा :-) पण तो कोड आहे की नाही एवढं बघायला तरी गाडी थांबवावी. ज्या पाटीवर नोंदणी क्रमांक शोधावा लागतो, त्या पाटीवरचा पोहण्याचा तलावही शोधावाच लागेल. आपलं शेत अखंड एक एकर, एका गटाचं, त्यामुळे आपल्याला हे काही लागू नाही. पण खरं तेवढंच लिहावं, हा कायद्याचा हेतू आपल्यालाही लागू आहेच.

न्यू जर्सीच्या मावसबहिणीनं तिकडच्या 'यार्ड साइन'चे फोटो पाठवले होते. घरापुढच्या हिरवळीत खोचलेली, दीड फूट बाय दोन फूट, त्यावर 'फॉर सेल', दलालाचं नाव आणि फोन. सुटसुटीत, आणि मला आवडली. पण तिथे पाटीच्या मागे घर उभं असतं. पाटीला एवढंच सांगायचं असतं की हेच ते. आपल्या पाटीच्या मागे शेत असतं, आणि मे महिन्यात कापणी होऊन गेलेली सगळी शेतं सारखीच दिसतात. पाटी वाचून थांबलेल्या माणसाला आपलं शेत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तेच कळत नाही. खरेदीखतात आपण चतुःसीमा लिहितो, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. तेच काम जमिनीवर करायला हवं. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यावी, 'क' प्रत हातात असावी, आणि चारही कोपऱ्यांच्या दगडांना चुना फासावा. पाच किलो चुना त्या आठ बाय दहाच्या फ्लेक्सपेक्षा जास्त काम करील, असं मी धंद्याचं नुकसान सोसून सांगतो.

याच बहिणीमुळे मला विलिंगबरोची गोष्ट वाचायला मिळाली, आणि आत्याच्या "लोक काय म्हणतील" या बोलण्याकडे मी निराळ्या नजरेनं बघायला लागलो. विलिंगबरो हे न्यू जर्सीतलंच एक उपनगर. १९७० नंतरच्या त्या वर्षांत तिथे काळ्या कुटुंबांची वस्ती वाढत होती आणि गोरी कुटुंबं घरं विकून निघाली होती. रस्त्यात एक 'फॉर सेल' लागली की शेजारी घाबरायचा, मग त्याचीही लागायची, असं नगरपालिकेला वाटलं. तेव्हा १९७४ मध्ये त्यांनी घरापुढे 'फॉर सेल' आणि 'सोल्ड' या पाट्या लावायलाच बंदी केली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७७ मध्ये कोर्टानं एकमतानं ती बंदी रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल स्वतः काळे, जन्मभर वर्णभेदाविरुद्ध लढलेले. तरीही त्यांचं म्हणणं असं की हेतू चांगला असला तरी लोकांपासून खरी माहिती लपवून तो साधता येणार नाही.

निकाल मला पटतो. पण नगरपालिकेच्या भीतीत एक निरीक्षण खरं होतं: विक्रीची पाटी गिऱ्हाइकाच्या आधी शेजारी वाचतो. वज्रेश्वरीच्या रस्त्याला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ओळीत सहा शेतं, एकावर पाटी लागली, पुढच्या वर्षी तीनांवर. कोणी ठरवून केलेलं नसतं. पहिल्या पाटीवरून बाकीच्यांना वाटतं की याला काहीतरी कळलंय जे आपल्याला कळलेलं नाही. आता तर बडोदा-मुंबई महामार्ग तालुक्यातून जातोय, त्यामुळे ज्याला त्याला काहीतरी कळलेलंच असतं.

म्हणून आत्या, लोक काय म्हणतील हा तुझा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटत नाही. फक्त त्यावर उपाय पाटी न लावणं हा नाही. पाटी लावली नाही तर बातमी दलालाच्या तोंडून जाणार, आणि ती काय होऊन जाईल ते आपल्या हातात नाही.

आमचं शेत गेली अकरा वर्षं शेजारचं एक कुटुंब लावतंय. आमच्यातलं कोणी चिखलात उतरलेलं नाही, आजोबा गेल्यापासून. दरवर्षी तांदळाची एक गोण ठाण्याला येते, ती त्यांच्या कष्टाची असते. घरात एक मत असंही आहे की आधी 'खासगी मालमत्ता, अतिक्रमण करू नये' अशी पाटी ठोकावी, मग विक्रीचं बघावं. ही भीती कुठून येते ते मला माहीत आहे. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक झाली, तेव्हा आमच्या पणजोबांच्या जमिनीतला मोठा वाटा गेला, ते घरात अजून काल घडल्यासारखं सांगतात. (कसणाऱ्याला मिळाली हे योग्यच झालं असं माझं मत आहे. आणि मामा, तुमचं काय ते मला ठाऊक आहे.) पण ज्यांनी अकरा वर्षं बांध राखला, गुरं आत येऊ दिली नाहीत, त्यांच्या दारासमोर 'अतिक्रमण करू नये' लिहायचं? ते वाचणारे दुसरे आहेत तरी कोण तिथे?

आणि हिशेबानं बघितलं तरी आपल्याला गिऱ्हाईक कुठे मिळणार? कायद्यानं घेऊ शकणारा, शेताची किंमत कळणारा, पाणी कुठून येतं आणि पावसाळ्यात वाट कशी असते हे न विचारता माहीत असलेला माणूस त्या दहा गावांतच आहे. कदाचित शेजारच्या बांधावरच आहे. त्यांच्या मोठ्या मुलाची भिवंडीत गोदामात कायम नोकरी आहे, धाकट्यानं भाजीचा टेम्पो घेतलाय. अख्खा एकर त्यांना परवडेल की नाही, मला सांगता येत नाही. पण आपण एकानंही त्यांना विचारलेलं नाही. आणि त्यांना ही गोष्ट इंग्रजी फ्लेक्सवरून कळावी, तीही कोणाकडून तरी वाचून घेऊन, हे मला चालणार नाही. पाटीचा खांब रोवायला मी जाईन त्याच्या आधी काकांनी आणि मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसायचं. त्यांचं उत्तर येईपर्यंत पाटी नाही. एवढी अट माझी.

त्यानंतरची पाटी मी अशी करणार आहे. पहिली ओळ 'शेत विकणे आहे'. दुसरी ओळ 'एक एकर, वर्ग १'. वर्ग १ लिहिलं की जाणकाराला कळतं, विकायला सरकारची परवानगी लागणार नाही, वर्ग २ ला लागते. तिसरी ओळ फोन. बस. ही पाटी वळणाच्या अलीकडे नाही, तर एस.टी.च्या थांब्याजवळ जिथे आपला बांध रस्त्याला लागतो तिथे, कारण तिथे गतिरोधक आहे आणि गाड्या आपोआप हळू होतात. आणि तिच्याच खांबावर, डोळ्यांच्या उंचीला, एक लहान पत्रा. थांबलेल्या माणसासाठी. त्यावर गट क्रमांक, वाट कुठून आहे ते (गाडीवाट फक्त जानेवारी ते मे, हेही लिहायचं), विहीर नाही, शेजारच्या ओहोळाला डिसेंबरपर्यंत पाणी असतं, आणि शेवटी 'शेतकरी असल्याचा दाखला आवश्यक'. काकांना वाटेचा आणि विहिरीचा मजकूर मुळीच पटलेला नाही. ते म्हणतात, आपलं उणं आपण का सांगायचं. अहो काका, जो येईल तो पहिला प्रश्न वाटेचाच विचारणार. वाटेवरून तहसीलदारांकडे चाललेले दावे त्या तालुक्यात कमी नाहीत, आणि 'रोड टच' वाचून आलेला माणूस बूट हातात घेऊन बांधावरून परत जाताना आपल्याबद्दल काय म्हणतो ते मी ऐकलंय.

भाव लिहायचा की नाही, यावर अजून एकमत नाही. आपल्याकडे पाटीवर भाव लिहायची पद्धतच नाही, आणि लिहिला की कमीपणा येतो असं थोरल्या काकांचं म्हणणं. माझ्या मते लहान पत्र्यावर तरी लिहावा, मोठ्या पाटीवर नको. मोठ्या पाटीवर लिहिला तर उद्या ओळीतल्या बाकीच्या पाच शेतांचा भाव आपणच ठरवून दिल्यासारखं होईल, आणि तो अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. ज्यांना यावर काही म्हणायचं आहे त्यांनी दिवाळीच्या आत म्हणावं. पत्रा मी आणून ठेवलाय, चार बाय तीन, रेड ऑक्साइडचा पहिला हात देऊन गच्चीत वाळतोय.